पगारात बाई-पुरुष फरक नेमका पडतो कुठे? बडोद्यातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, पेरोलचं काम करते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात, कधी दांडिया बाजारातल्या ओळखीच्या बायकांकडून, कधी पहिल्या नोकरीला निघालेल्या मुलींकडून आणि कधी कधी तर शेठ लोकांकडूनसुद्धा, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

बायकांना कमी पगार मिळतो हे खरंच आहे का?

हो, खरं आहे. सरकारच्याच पीएलएफएस नावाच्या रोजगाराच्या सर्व्हेत वर्षानुवर्षं दिसतंय की महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या बाईला पुरुषाच्या साधारण पाऊणपट मिळतं. हा सगळाच्या सगळा फरक शेजारी-शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांमधला नाहीये, त्यात कोण कुठल्या कामावर आहे, किती तास करतंय, सर्व्हिस किती झाली हे सगळं मिसळलेलं असतं. पण मग कोणाला कुठल्या कामावर घ्यायचं, ओव्हरटाइम कोणाला द्यायचा, कोणाची सर्व्हिस मध्येच तुटू द्यायची हे कोण ठरवतं? बऱ्याच अंशी कंपनीच ठरवते. म्हणून "बायका कमी तास करतात त्याला कंपनी काय करणार" हे उत्तर मला पटत नाही.

शिक्षणात बायका मागे असतील म्हणून असेल ना?

बडोद्यात बसून हे कोणी म्हणू नये असं मला फार मनापासून वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं तेव्हा त्यात मुलीही होत्या, आणि १९४९ मध्ये एम. एस. युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हा पहिल्या व्हाइस चान्सलर हंसाबेन मेहता होत्या. इथे आजी ग्रॅज्युएट, आई ग्रॅज्युएट आणि मुलगी एमएससी अशी घरं आहेत. त्या एमएससी मुलीला क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये तिच्याच बॅचच्या मुलापेक्षा कमी आकडा ऑफर होतो तेव्हा कारण तिच्या मार्कशीटवर सापडत नाही.

आमच्या कंपनीत सगळ्यांना सारखंच टक्केवारीने इन्क्रिमेंट मिळतं, मग फरक कसा?

टक्केवारी सारखी असते, पण ती कशावर लागते ते बघा. समजा एकाच पोस्टवर दोघं आले, बाईचा आधीचा पगार १४,००० आणि पुरुषाचा १७,०००. एचआर म्हणतं आम्ही भेदभाव करत नाही, दोघांनाही आधीच्या पगारावर २० टक्के वाढवून देतो. म्हणजे तिला १६,८०० आणि त्याला २०,४००, तीन हजाराचा फरक होता तो पहिल्याच दिवशी ३,६०० झाला. मग दोघांना दर वर्षी ८ टक्के, अगदी न चुकता. दहा वर्षांनी ती ३६,२०० च्या आसपास आणि तो ४४,००० च्या, फरक ७,७००च्या वर. आता पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशोबही पगारावरूनच निघतो, बँक होमलोन देते तेही स्लिप बघून, म्हणजे हा फरक महिन्याच्या पगाराशी थांबतच नाही. आणि कोणीही कधीही ठरवलेलं नव्हतं की बाईला कमी द्यायचं. आधीच्या कंपनीने कमी दिलं होतं, आपण फक्त ते पुढे चालू ठेवलं.

पोस्टची किंमत पोस्टवरून ठरवली, माणसाच्या जुन्या स्लिपवरून ठरवली नाही, तर हे सगळं तिथेच थांबतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१८ पासून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायला कायद्यानेच बंदी आहे आणि युरोपियन युनियनने २०२३ मध्ये केलेल्या नियमातही तेच आहे, शिवाय पगाराची रेंज आधी सांगायची असंही आहे.

मग इंटरव्ह्यूत "करंट सीटीसी किती", म्हणजे आत्ताचा वर्षाचा एकूण पगार किती, असं विचारलं तर काय सांगायचं?

आपल्याकडे विचारायला बंदी नाहीये. खोटं सांगू नका, नंतर स्लिप मागतातच. पण आधी शांतपणे विचारा, "या पोस्टसाठी तुमचं बजेट काय आहे?" आणि आकडा सांगावाच लागला तर लगेच जोडून सांगा की हे काम मोठं आहे, माझी अपेक्षा इतकी आहे.

"मिस्टर काय करतात? मुलं किती?" हे विचारणं बरोबर आहे का?

अजिबात नाही. मी अशा इंटरव्ह्यूंना बसलेय जिथे मुलाला मशीनबद्दल वीस मिनिटं विचारलं आणि त्याच पोस्टसाठी आलेल्या मुलीला घर कुठे, सासू-सासरे बरोबर असतात का, मूल लहान आहे का, मिस्टरांची बदली होते का. तिला तिचं काम दाखवायला वेळच उरला नाही. आणि मिस्टर रिफायनरीत आहेत असं कळलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच येतं की हिला पैशाची तशी गरज नाही. पुरुषाची बायको चांगलं कमावते म्हणून त्याचा पगार कमी ठरवल्याचं मी एकदाही बघितलेलं नाही. पगार कामाचा असतो, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कमाईचा त्याच्याशी संबंध काय?

एकाच लाइनवर आम्ही "हेल्पर" आणि पुरुष "ऑपरेटर" असं का?

हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

मिनिमम वेजेसमध्ये अनस्किल्ड, सेमी-स्किल्ड, स्किल्ड असे दर असतात आणि त्यात बाई-पुरुष असा फरक कुठेही नाही. पण कोणतं काम कुठल्या खान्यात बसवायचं ते कंपनी मस्टरवर लिहिते, आणि फरक तिथे तयार होतो. फार्मा कंपनीची पॅकिंग लाइन डोळ्यासमोर आणा. बेल्टवरून स्ट्रिप्स येतायत, तिथे उभी असलेली बाई प्रत्येक स्ट्रिपचा खिसा भरलाय का बघते, गोळी फुटलीये का बघते, बॅच नंबर आणि एक्स्पायरी नीट छापली गेलीये का वाचते, खराब स्ट्रिप बाजूला टाकते, आणि हे सगळं बेल्टच्या स्पीडला, आठ तास उभं राहून. तिची नजर चुकली तर अख्खी बॅच परत येऊ शकते. ती मस्टरवर हेल्पर, अनस्किल्ड. त्याच लाइनच्या टोकाला खोक्यावर पट्टी मारायचं मशीन आहे, तिथे बटण दाबणारा मुलगा सेमी-स्किल्ड, ऑपरेटर. त्याचं काम सोपं आहे असं मी म्हणत नाहीये, खोकी जड असतात आणि पाठ जाते. पण वजन उचलणं म्हणजे स्किल आणि बारीक नजर म्हणजे "बायकांना जमतंच ते", हा हिशोब कुठून आला? जमतं तेच तर कौशल्य झालं ना.

शिवाय हेल्परला वरची पायरी नसते. ऑपरेटरचा सीनिअर ऑपरेटर होतो, मग लाइन सुपरवायझर. पंधरा वर्षं स्ट्रिपा तपासणारी बाई पंधरा वर्षांनीही हेल्परच, आणि काल लागलेल्या मुलाला लाइन ती शिकवते. ऑफिसमध्येही हेच, फक्त नाव वेगळं असतं. बाई "असिस्टंट", "कोऑर्डिनेटर", पुरुष "एक्झिक्युटिव्ह". काम तेच, मेल तेच, ऑडिटला उत्तरं दोघंही देतात.

बायका ओव्हरटाइम आणि नाइट करत नाहीत म्हणून कमी मिळतं, बरोबर ना?

ओव्हरटाइमला डबल दर असतो त्यामुळे फरक नक्कीच पडतो. पण आधी हे बघा की बायकांना विचारलं जातं का. बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर परस्पर यादी करतो, बायकांची नावं घालतच नाही, "त्यांना घरी जायचं असतं" म्हणून. दुसरं म्हणजे कंपनीची बस सहाला सुटते आणि त्यानंतर मकरपुऱ्याहून गोत्रीला कसं जायचं ते तिचं तिने बघायचं. असं असल्यावर ती नाहीच म्हणणार. नव्या लेबर कोडप्रमाणे, म्हणजे नव्या कामगार कायद्याप्रमाणे, बाईची संमती असेल आणि सुरक्षेची, येण्याजाण्याची सोय असेल तर संध्याकाळी ७ नंतरही काम देता येतं. संमती तिची, सोय कंपनीची. आपल्या गावात नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत हजारो मुली गरब्याला असतात आणि नीट घरी पोचतात, कारण त्यासाठी बंदोबस्त केलेला असतो. शिफ्टसाठी एक गाडी आणि एक गार्ड इतकं तरी ठेवता येईल.

बोनस-इन्सेंटिव्हमध्ये पण फरक असतो का?

असतो, आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही कारण बेसिक सारखंच दिसतं. सेल्सच्या माणसाला इन्सेंटिव्ह, बॅक ऑफिसच्या बाईला नाही, जरी त्याची प्रत्येक ऑर्डर तीच काढत असली तरी. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम महापालिकेचं उदाहरण मोठं आहे. तिथे कचरा उचलणाऱ्या आणि रस्त्याची कामं करणाऱ्या, म्हणजे मुख्यतः पुरुषांना बोनस मिळायचा आणि त्याच ग्रेडच्या सफाई, स्वयंपाक, केअरचं काम करणाऱ्या बायकांना नाही. बायका कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि देणं इतकं साचलं की सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेने अत्यावश्यक सेवा सोडून बाकी नवीन खर्चच थांबवला. त्या वेळी दर महिन्याला थोडं थोडं बरोबर दिलं असतं तर ही वेळ आली नसती.

आपल्याकडे बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅच फी सारखी केली, टेस्टला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३, आणि मला त्याचा खरंच फार आनंद झाला. पण त्या वेळी वार्षिक कॉन्ट्रॅक्टमध्ये पुरुषांची वरची ग्रेड ७ कोटींची आणि बायकांची ५० लाखांची होती. म्हणून ऑफर लेटर वाचताना एकच ओळ वाचू नका, भत्ता, इन्सेंटिव्ह, पेट्रोल, मोबाइल सगळं बघा.

मॅटर्निटी लीव्हचा खर्च कंपनीवर पडतो, म्हणून शेठ मुली घ्यायला नको म्हणतात. त्यांचं चुकतंय का?

खर्च पडतो हे खरं आहे आणि मी तो नाकारणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि तो पगार मालकाने द्यायचा, सरकार त्यात वाटा उचलत नाही. लहान युनिटला ते जड जातं. सरकारने यात भार उचलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एक गोष्ट बऱ्याच शेठ लोकांना माहीतच नसते किंवा ते विसरतात. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ज्या ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, आहेत त्यांचे मॅटर्निटीचे पैसे ईएसआय देतं, मालक नाही. मालक दर महिन्याला ३.२५ टक्के भरतो आणि ते तो पुरुषांचेही भरतो. पॅकिंगच्या, स्टोअरच्या, फ्रंट ऑफिसच्या किती मुलींचा पगार २१,००० च्या वर आहे सांगा बरं? ज्या मुलीचे पैसे तुमच्या खिशातून जाणारच नाहीत, तिला त्याच कारणासाठी घ्यायचं नाही किंवा कमी पगारावर घ्यायचं, हा शुद्ध अन्याय आहे.

रजेवरून परत आल्यावर इन्क्रिमेंटच नाही मिळालं, असं करता येतं का?

रजेच्या काळात काढून टाकणं किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणं कायद्यात बसत नाही. पगारी मॅटर्निटी लीव्हचे दिवस बोनससाठी काम केलेले दिवस धरले जातात आणि ग्रॅच्युइटीसाठी सर्व्हिस तुटत नाही, हे दोन मुद्दे पेरोलवाल्याला लेखी विचारा, कारण सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा लीव्ह कोड टाकल्यामुळे हे दिवस कापले गेलेले मी बघितलेत.

अप्रेझलचा प्रकार जास्त कठीण आहे. वर्षातले सहा महिनेच तुम्ही होता, टार्गेट मात्र बारा महिन्यांचं, मग रेटिंग "ॲव्हरेज". पुढच्या वर्षी प्रमोशनच्या यादीत दोन वर्षं सलग चांगलं रेटिंग लागतं, म्हणून नाव नाही. एका बाळंतपणाचे असे तीन-चार वर्षांचे पैसे जातात. जितके महिने काम केलं तितक्याच महिन्यांचं टार्गेट धरायचं, एवढाच बदल पुरे आहे, आणि तो एचआर एका दुपारी करू शकतं.

मूल झाल्यावर बाईच मागे पडते, यात कंपनीचा काय दोष?

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. अमेरिकेच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की सुरुवातीला सारखं शिकलेल्या बाई-पुरुषांचे पगार बरेच जवळ असतात, पहिलं मूल झालं की अंतर वाढत जातं. आणि सगळ्यात जास्त कुठे वाढतं? जिथे कंपनी रात्री-अपरात्री, रविवारी, केव्हाही हजर राहणाऱ्यालाच दामदुप्पट देते तिथे.

त्यांचंच फार्मसिस्टचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत फार्मसिस्टचं काम असं बसवलं गेलं की पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर असते, एकाची शिफ्ट संपली की दुसरा तिथूनच पुढे सुरू करतो, अमुकच माणूस पाहिजे असं राहिलं नाही. मग कमी तास करणाऱ्याचा तासाचा दर पडला नाही आणि बाई-पुरुष फरकही खूप कमी झाला. म्हणजे काम कसं बसवायचं हे ज्याच्या हातात असतं, फरक कमी करणंही त्याच्याच हातात असतं. आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानेच करायची असते, तुमच्या कंपनीत आहे का विचारा.

बायका पगारासाठी भांडत नाहीत, हे तरी खरं ना?

थोडं खरं असेल. पण ज्या भांडतात त्यांचं काय होतं तेही बघा, पुरुषाने आकडा वाढवून मागितला की "तयारीचा माणूस आहे", बाईने मागितला की "आत्तापासूनच कटकट". ज्याचा आवाज मोठा त्याला जास्त, ही पद्धत कंपनीनेच ठेवलेली असते.

पगार कोणाला सांगायचा नाही असं ऑफर लेटरमध्ये लिहिलंय. मग कळणार कसं?

ही गुप्तता मालकाच्या फायद्याची असते, सरळ आहे. ब्रिटनमध्ये २५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना २०१७ पासून बाई-पुरुष पगाराचा फरक दर वर्षी जाहीर करावा लागतो. आपल्याकडे सगळ्यांना तसं बंधन नाही, पण शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या वरच्या १,००० कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट सक्तीचा केलाय आणि त्यात कर्मचारी आणि कामगार, दोघांचाही स्त्री-पुरुष असा वेगळा मीडियन, म्हणजे बरोबर मधला, पगार द्यावा लागतो. कंपनीच्या वेबसाइटवर ॲन्युअल रिपोर्टमध्ये असतो, फुकट. इंटरव्ह्यूला जायच्या आधी नक्की उघडून बघा. लहान कंपनीत मात्र एकमेकींशी बोलणं हाच रस्ता आहे, आणि पुरुष सहकाऱ्यांनीही बोलायला हवं.

कायदा आहे की नाही?

आहे, आणि नवा नाहीये. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. आता त्याच्या जागी वेतन संहिता २०१९ आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकच काम किंवा त्याच प्रकारचं काम असेल, म्हणजे कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी सारखी असेल, तर लिंगावरून पगारात फरक करता येत नाही, भरतीतही नाही. आणि सारखं करण्यासाठी पुरुषाचा पगार कमी करता येत नाही, बाईचाच वाढवावा लागतो.

"आमचं काम वेगळं आहे" हे मालकाचं नेहमीचं उत्तर असतं, त्यासाठी १९८७ चा सुप्रीम कोर्टाचा मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डी'कोस्टा हा निकाल लक्षात ठेवा. कंपनी म्हणत होती की साहेबांच्या हाताखालच्या लेडी स्टेनोग्राफर वेगळ्या, पुरुष स्टेनोग्राफर वेगळे. शिवाय युनियनशी करार झालाय आणि एवढे पैसे द्यायची ऐपत नाही. कोर्टाने तिन्ही मुद्दे फेटाळले, रोजचं प्रत्यक्ष काम काय आहे ते बघितलं आणि ते सारखंच निघालं. पोस्टचं नाव वेगळं ठेवून सुटता येत नाही.

मी स्वतः मालक आहे, सुरुवात कुठून करू?

पेरोलची शीट उघडा. आधी डेझिग्नेशन बाजूला ठेवा आणि प्रत्येकासमोर तो किंवा ती दिवसभर खरोखर काय करते ते एका ओळीत लिहा, सुपरवायझरला विचारून. मग सारख्या ओळी एकत्र आणा आणि पगार बघा. जिथे फरकाचं कारण लिहिता येत नाही तिथे पैसे वाढवा, एकदम झेपत नसेल तर दोन इन्क्रिमेंटमध्ये. ओव्हरटाइमची यादी तीन महिन्यांची काढून बघा. एका शेठनी हे केलं, आणि स्टोअरच्या दोन बेनना सीनिअर केल्यावर त्यांना कळलं की स्टॉकचा हिशोब इतकी वर्षं त्याच दोघी सांभाळत होत्या.

खाजगी शाळेत सही एका आकड्यावर घेतात आणि हातात कमी देतात, हेही यातच येतं का?

हो. तिथे बहुतेक शिक्षिकाच असतात, आणि "घराला हातभार म्हणून करतात" असं धरूनच हे चालतं. बँकेत पूर्ण पगार जमा करून थोडे रोख परत मागतात तोही हाच प्रकार. त्या परत दिलेल्या पैशांची तारीख आणि आकडा वहीत लिहून ठेवा.

घरी कामाला बाई ठेवली तर मीही एम्प्लॉयरच ना?

हो, आणि हे आपण सोयीने विसरतो. आपल्या सोसायट्यांमध्ये ड्रायव्हरला रविवार सुट्टी, ठरलेला महिन्याचा पगार, दिवाळीला पूर्ण पगार, आणि दोन वेळा स्वयंपाक करणाऱ्या ताईंची एक खाडा पडला तर पैसे कापतात. तास मोजा आणि दोघांचा दर काढून बघा.

माझ्याकडे पगाराची स्लिपच नाही, तक्रार कशावर करू?

वेतन संहितेप्रमाणे स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे, आधी ती मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मागा म्हणजे मागितल्याचा पुरावा राहील. तोपर्यंत बँकेच्या पासबुकातल्या एंट्र्या, यूएएन म्हणजे पीएफच्या नंबरवरचं पासबुक, ईएसआयचा नंबर, हजेरीचे किंवा शिफ्टचे मेसेज, आयकार्ड, जे असेल ते जमा करा. कामाचं वर्णन स्वतः लिहा, रोज काय करता आणि तेच काम करणारा पुरुष सहकारी काय करतो. मग लेबर डिपार्टमेंटकडे अर्ज द्या, मुद्दा उद्भवल्यापासून तीन वर्षांच्या आत, मराठी मुलींनी गुजरातीत लिहिता येत नाही म्हणून थांबू नये, कोणाकडूनही लिहून घ्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.